बिनसीटची गाडी आणि उशीखालची किल्ली

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार असं लिहितोय, पण खरं तर वाकता येत नाहीये. कमरेत उसण भरली आहे, कारण पुढे येईलच. तुमची तब्येत विचारायची गरज नाही, मामीच्या पत्रातून सगळं कळलं. काचबिंदूमुळे आता गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तर तुम्ही त्यांनाच डोळे तपासून घ्यायला सांगितलंत आणि हल्ली गाडीची किल्ली उशीखाली घेऊन झोपता. मी तुमची समजूत काढावी असं घरच्यांचं म्हणणं आहे. ज्यांनी मला क्लच दाबायला शिकवला त्यांना मी काय शिकवणार? तेव्हा ते राहू द्या, माझीच फजिती ऐका. (मामी वाचून दाखवत असेल तर तिला मधेमधे पाणी द्या.)

आमच्या पलटणीची नवी गाडी पाहिलीत तर कपाळाला हात लावाल. दारं नाहीत, टप नाही, समोरची काच नाही. नुसता सांगाडा, इंजिन आणि चार चाकं. विमानातून छत्रीने ती खाली सोडायची, मागोमाग आम्ही उड्या टाकायच्या आणि गाडी गाठून दगडधोंड्यांतून पसार व्हायचं, म्हणून वजन जितकं कमी तितकं बरं. (हिला किल्लीही नसते, बटण दाबलं की सुरू. उशीखाली ठेवणार काय?) सरावाच्या आदल्या दिवशी काट्यावर चढवली तर चाळीस किलो जास्त भरली. प्रत्येकाने आपापलं काहीतरी कमी करा, असं सांगून कॅप्टनसाहेब जेवायला गेले. आता आमच्यात एक खोड आहे, दुसऱ्यासाठी काही सोडलं तर ते बोलून दाखवायचं नाही. मी गुपचूप माझी, म्हणजे ड्रायव्हरची, सीट काढली. म्हटलं, सकाळी मागची एखादी पुढे लावू. वायरलेसवाल्याने ते पाहिलं, त्याला लाज वाटली, त्याने आपली काढली. त्याचं पाहून मेकॅनिकने काढली. शेवटी मशीनगनवाला लंबू आला. त्याला सगळ्याच गेलेल्या दिसल्या, तेव्हा असंच ठरलं असेल म्हणून त्यानेही आपली उचलली. मग सकाळी आम्ही पोचायच्या आतच सामान बांधणाऱ्यांनी गाडीवर कापड आवळलं आणि ती विमानात गेली.

गाडी अलगद उतरली. आम्ही धावत जाऊन कापड सोडलं आणि चौघेही एकमेकांना विचारायला लागलो, तूही काढलीस? दणका सोसायला गाडीखाली पुठ्ठ्याचे ठोकळे असतात, त्यातला एक चेपलेला ठोकळा बुडाखाली घेऊन मी बसलो, तर माझं नाक स्टीअरिंगच्या खाली. समोर फक्त आभाळ. मागे उभा राहून लंबू सांगायचा, डावीकडे झाड, उजवीकडे दगड, आणि मी वळवायचो. असे आम्ही चार किलोमीटर आदळत गेलो, कमरेची उसण तिथलीच. आणि मामा, मजा म्हणजे थोड्या वेळाने मला वाटायला लागलं की मीच बघून चालवतोय. तेवढ्यात लंबूला शिंक आली. आम्ही परीक्षकसाहेबांच्या तंबूत या बाजूने शिरलो आणि त्या बाजूने तंबू अंगावर पांघरून बाहेर पडलो. साहेब चहाला गेले होते म्हणून वाचले. सगळे हसत होते, मला मात्र हसू येईना. आत माणूस असता तर? तुम्हाला डावीकडची सायकल मामी सांगते, कोपऱ्यावरची शाळेची पोरं मामी सांगते. तिलाही कधीतरी शिंक येईल, मामा. मला तुमची फार काळजी वाटते.

तुमचा (सध्या पालथा झोपणारा)
भाचा

ता. क. किल्ली मामीकडे द्या. गेले दोन महिने ती शिवणक्लासला जात नव्हती, ड्रायव्हिंग स्कूलला जात होती. मंगळवारी पास झाली. हे तुम्हाला मी सांगायचं असं ठरलं होतं, म्हणून तर एवढं लांबण लावलं.

ता. क. २. मामी, हे मोठ्याने वाचू नकोस. किल्ली हातात आली की त्यांना शेजारी बसव आणि दर वळणाला विचार, गिअर कुठला टाकू. येत असलं तरी विचार. मी अजून गाडीत बसलो की पहिला गिअर त्यांना मनात विचारूनच टाकतो.