कंबर न पोचणारं बटण

प्रिय ताई,

भावोजींसाठी शब्द टाकला तर माझी जीभ झडणार नाही, असं तू म्हणालीस. तू तेवढं बोलून फोन ठेवलास, माझं ऐकलंसच नाही. वर म्हणालीस, मी कुठे टिकतच नाही, गॅरेज सोडलं, बेकरी सोडली, आता हेही सोडणार. अगं, सोडणार कसं? माझे कागद ठेकेदाराच्या कपाटात आणि किल्ली त्याच्या खिशात. करार संपायला अजून वर्ष आहे. खोलीत आम्ही सहाजण. खिडकी उघडली की समोर भिंत, इतकी जवळ की हात बाहेर काढून टेकता येतो. मी मधूनच उगाच टेकतो.

काम विचारलंस तर ऐक. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची, वरून प्रेसचा जबडा येतो आणि पत्र्याची वाटी होते. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय जबडा हलत नाही, म्हणजे हात आत सापडायला नको. बनवणाऱ्याला वाटलं असेल, झालं काम. त्याला आमची कंबर ठाऊक नव्हती. एक बटण हाताने, दुसरं कंबरेने, आणि मोकळ्या हाताने पुढचा पत्रा आत सरकवायचा. वाटीमागे पैसे मिळतात ना, म्हणून सगळी रांग अशी दिवसभर ठुमकत असते आणि मुकादम छताकडे बघत फिरतो. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला आम्ही साडेतीन म्हणतो. उजव्या हाताला तेवढीच बोटं उरलीत.

मागच्या महिन्यात प्रेस बनवणाऱ्या कंपनीच्या बाई नवा नमुना घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं, मशीन कधीतरी बिघडणारच, पण बिघडताना त्याने माणसाला सोडलं पाहिजे. हवेचा दाब जावो, वीज जावो, तार तुटो, जबडा वरच राहिला पाहिजे. मला हसूच आलं. आमच्या ठेकेदाराचं बरोबर उलटं. आजारी पडा, काम बंद पडो, काही बिघडलं की तो आधी आवळतो. बाईंनी विचारलं, इथे सगळ्यात खोडकर कोण? मुकादमाने लगेच माझ्याकडे बोट केलं. मग त्यांनी मला नमुन्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, याला फसवून दाखव. ताई, घड्याळ उघडलं म्हणून तुझा मार खाल्लेला मी! चिकटपट्टी लावली, पाचर मारली, बाटली टेकवली. मशीन बधेना. कंबर मात्र पोचत होती, ते मला बघताक्षणी कळलं होतं. रांगेतले सगळे काम थांबवून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, नाही बुवा, हरलो.

दुसऱ्या दिवशी बाई गाडीत बसायच्या आत मी धावत गेलो आणि त्यांना कंबर लावून दाखवली.

आता जुन्या मशीनवरसुद्धा बटणं लांब लांब नेलीत आणि त्यांवर टोपणं बसवलीत. आत फक्त हात जातो. वाट्या कमी निघतात, दर तोच, म्हणून सगळ्यांचाच पगार उतरला. खोलीत माझ्याशी कोणी बोलत नाही. माझा चहा आता मीच करतो. साडेतीन तरी पाठीवर हात ठेवेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, माझी बोटं मशीनने खाल्ली, पगार तू खाल्लास. बाहेर पडावं तर जायचं कुठे? पुन्हा त्याच खोलीत, त्याच फिरवलेल्या पाठींमागे.

मी हरलो म्हटलं त्याच संध्याकाळी तुझा पहिला फोन आला होता, यांनाही तिथे चिकटव म्हणून. मी हो-नाही काहीच बोललो नाही, ते तुला लागलं. ताई, भावोजी मीठ मागतानासुद्धा दोन्ही हात हवेत नेतात. गप्प बसणं त्यांना जमत नाही, आणि हात न हलवता बोलणं तर त्याहून नाही. एक हात मोकळा ठेवून ते त्या रांगेत उभे आहेत, शेजाऱ्याला काहीतरी रंगवून सांगतायत, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आता त्यांचे दोन्ही हात टोपणाखाली राहतील. खुशाल पाठव, मी मुकादमाशी बोललोय. फक्त ठेकेदारापासून सोडवणारं मशीन बाईंकडे नाही, तेव्हा कागद देण्याआधी दहादा विचार करा. आणि या वेळी रक्कम बघून फोन आपटू नकोस. नेहमीपेक्षा कमी, साडेपाच हजारच पाठवतोय.

तुझाच,
उपद्व्यापी