पहिल्या पाण्याचा रंग

रविवार, ८ मार्च

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला.

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं कळवलं. आमच्या झिओलाइटची आम्लता आधीपेक्षा दीडपट निघाली, असं लिहिलं होतं. तेवढी ती नाही.

झिओलाइट म्हणजे ती पांढरी पूड, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांची. आम्लता मोजायला तिला आधी अमोनिया पाजतात. पुडीतल्या आम्ल जागा तो घट्ट धरून ठेवतात. जो नुसता वरवर चिकटलेला असतो, तो दोन तास हेलियम वायू सोडून घालवायचा. मग पूड हळूहळू तापवायची आणि सुटेल तेवढा अमोनिया मोजायचा. सूत रंगवताना तू म्हणायचीस, "पहिल्या पाण्यात सुटतो तो रंग सुताचा नाही. निथळ पाणी येईपर्यंत धू." शाळेत जायच्या आधी मी हेच शिकले होते.

मोजणीच्या दिवशी मी हेलियम वीस मिनिटांतच बंद केला, म्हणून वरवरचा अमोनियाही मोजला गेला. सकाळी तुझं पत्र आलं होतं. कामाच्या टेबलावर घरची पत्रं उघडायची नाहीत हा माझाच नियम, म्हणून ते कोटाच्या खिशात होतं. वाचायला खोलीवर पळायचं होतं. वहीत मात्र मी 'दोन तास' लिहिलं.

तू लिहिलं होतंस, आता तांबडं आणि केशरी सारखंच दिसतं, एकदा येऊन सूत रंगांप्रमाणे लावून दे. मी कळवलं, रजा मिळत नाही.

तेही खरं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या मॅडम स्वतःच म्हणाल्या, "अगं, एवढा छान आकडा आणलास, आता घरी जाऊन ये. नाहीतर इथेच आंबशील." मी म्हटलं, "नको, काम आहे." आले असते तर तू पहिलं हेच विचारलं असतंस, "किती वेळ धुतलंस?" तुझ्यापुढे बसून 'दोन तास' म्हणणं मला जमलं नसतं.

तुझं पत्र अजून खिशातच आहे, घडीवर फाटलंय. कोटाला अमोनियाचा वास येतो, कागदाला तुझ्या रंगाच्या हौदाचा. निदान मला तसा येतो.

तोच आकडा या आठवड्यात मॅडमच्या लेखात जाणार आहे. उद्या सकाळी त्यांना वही दाखवीन. रागावतील, कदाचित काम काढून घेतील. तरी पुन्हा मोजायला तीन दिवस मागणार आहे. आकडा येईल तो येवो.

सुताच्या लडी आहेत तशाच राहू देत, मी वेगळ्या करीन.

तुझी,
शुक्रवारी, तेरा तारखेला येणारी भाची