ओहोटीपुरता श्वास

प्रिय बारकू,

पत्र बघून हसू नकोस. रोज फोनवर तुझं डोकं खाणारी बाई अचानक कागद घेऊन बसली, म्हणजे काहीतरी बिनसलंय असं तुला वाटणार. बिनसलंच आहे. पण जरा दमानं वाच, मधलं सोडून एकदम शेवटाकडे पळू नकोस. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकांचं तू हेच करायचास. दुपारची सुट्टी झाली आहे आणि मी कामावरच्या पंपघरात एका पालथ्या बादलीवर बसले आहे. इथे घरघर एवढी असते की शेजारी कुणी गायलं काय आणि रडलं काय, कळत नाही. मघाशी मी दोन्हींपैकी एक करून घेतलं.

काल तू फोनवर विचारलंस, "ताई, तपासण्या कुठवर आल्या?" मी म्हटलं, चालू आहेत, आणि किड्यांच्या टाकीत पाणी भरायचंय असं सांगून फोन ठेवला. टाकी भरलेलीच होती. वर्षभर मी तुझ्या मागे हात धुऊन लागले होते, की बाबा रे, माझ्या किडन्या दोन आहेत, एक घे. तुझा आपला नन्नाचा पाढा. "भाचीच्या आईला चिरून मला जगायचं नाही," हे तू इतक्यांदा म्हणालास की मला तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. आपला रक्तगट एक, आई एक, बाप एक, एवढंच काय, हट्टीपणाही एकच. वाळूतल्या किड्यांचं रक्त सगळ्या जगाला चालतं आणि माझी किडनी तुला चालेना, यावर मी तुला किती टोमणे मारले! शेवटी मागच्या महिन्यात तू हो म्हणालास. पण हो म्हणताना एक शेपूट जोडलंस: "हे शेवटचं, ताई. हे जमलं नाही तर ते डायलिसिसचं मशीनही पुरे." तू हे असं म्हणालास, जसं कुणी म्हणावं की आता चहा पुरे. मीसुद्धा हसले. पण ते वाक्य मी विसरले नाही.

इथलं सांगते. किडे बरे आहेत, म्हणजे जे आहेत ते. तुला हे सगळं पाठ झालंय, तरी आज पुन्हा ऐक, कारण आज मला दुसऱ्या कशाबद्दल सरळ बोलता येत नाहीये. हा बोटाएवढा जाड, काळपट, दिसायला अगदी ओंगळ प्राणी समुद्राच्या ओल्या वाळूत बीळ करून राहतो. भरती असली की बिळात पाणी खेळतं, आणि त्या पाण्यातून त्याला प्राणवायू मिळतो. ओहोटी लागली की पाणी निघून जातं. मग पुढची भरती येईपर्यंत त्यानं काय करायचं? तर त्याच्या रक्तात जे हिमोग्लोबिन आहे ते आपल्यासारखं पेशींमध्ये कोंडलेलं नसतं, मोकळं तरंगत असतं, आणि आपल्या हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी मोठं असतं. आपला एक कण प्राणवायूचे चार दाणे उचलतो, त्याचा शंभरावर उचलतो. तेवढ्या शिदोरीवर तो वाळूत गप्प पडून ओहोटी काढतो. आणि त्या रक्ताला गटबिट काही नाही, म्हणून ते कुणाच्याही अवयवाला चालतं. देणाऱ्याच्या अंगातून काढलेली किडनी बर्फात ठेवली तरी हळूहळू घुसमटत असते. ती ज्या पाण्यात ठेवतात त्यात आमच्या किड्यांचं हे हिमोग्लोबिन घातलं की प्रवासभर तिला थोडा थोडा श्वास मिळत राहतो. एवढ्यासाठी आम्ही त्यांना डोळ्यांत तेल घालून वाढवतो आणि मग गोठवून मारतो. पोटाची नोकरी आहे, मी काय बोलणार.

तुझ्या मशीनच्या दालनात मी हे पहिल्यांदा सांगितलं तो दिवस आठवतो? ओळीनं आडव्या केलेल्या त्या खुर्च्या, प्रत्येकाच्या दंडाजवळून निघालेल्या नळ्या, आणि सगळे भिंतीवरच्या आवाज बंद केलेल्या टीव्हीकडे बघत पडलेले. तू मात्र स्वतःच्याच रक्ताकडे बघत होतास, ते नळीतून बाहेर जातंय आणि परत येतंय. मला काही सुचेना, म्हणून मी बडबड सुरू केली. खेकड्याचं आणि ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण त्यात लोखंडाऐवजी तांबं असतं, आणि त्यातला प्राणवायू संपला की ते निळंही राहत नाही, पाण्यासारखं होतं. काही समुद्री किड्यांचं हिरवं असतं. एकाचं तर जांभळट गुलाबी. शेजारचे आजोबा मान वळवून ऐकायला लागले, मशीन लावणारी पोरगी हातातलं काम सोडून उभी राहिली. तू डोळे मिटून म्हणालास, "माझ्यात कुठल्याही रंगाचं भरा, पण घोटभर पाणी प्यायला द्या." सगळं दालन हसलं. घरी गेल्यावर तू दिवसाच्या मोजून दिलेल्या पाण्यातला बर्फाचा एक खडा तोंडात धरलास आणि तो वितळू नये म्हणून कितीतरी वेळ बोललाच नाहीस. तेव्हापासून तू मशीनच्या दोन फेऱ्यांमधल्या दिवसांना ओहोटी म्हणायला लागलास. विनोद चांगला होता, पण मला त्याचं कधीच हसू आलं नाही.

आणि ती दुसऱ्याची किडनी, यादीतून तुझ्या नावावर निघालेली. तिचा विषय आपण दोघंही काढत नाही, पण आज काढते. तुला इस्पितळात बोलावलं, तुझे कपडे बदलले, तुला चाकाच्या खाटेवर झोपवलं, आणि मग ते तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की लांबून आली, वाटेत फार वेळ गेला, लावण्यात अर्थ नाही. तू स्वतःचे कपडे परत घातलेस, बुटांच्या नाड्या बांधल्यास आणि म्हणालास, "चला, बस मिळेल अजून." ती ज्या पेटीतून आली त्यात आमचं पाणी नव्हतं. असतं तर ती वाचली असती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण टाकीवर वाकले की अजून माझ्या मनात तेच येतं. त्या दिवसापासून तू खचलास, बारकू. तू कबूल करणार नाहीस, पण मला दिसतं. आधी तू मशीनवर जाताना शिट्टी वाजवायचास.

मागच्या पंधरवड्यात इथे एक वाईट गोष्ट झाली. कोपऱ्यातल्या टाकीच्या झडपेचा खटका अडकला आणि पाणी फिरायचं थांबलं. आमची पाहणीची पद्धत तुला माहीत आहे. किडे खालची वाळू खाऊन वर तिची वेटोळी टाकतात. वाळूवर ताजी वेटोळी दिसली की टाकी ठीक, असं आम्ही सगळेच धरून चालतो, मीही. सकाळी वेटोळी होती. संध्याकाळी जरा कमी होती, पण होती. दुसऱ्या दिवशी वाळू उपसली तर सगळी टाकी मेलेली. साहेब म्हणाले, वरून काही कसं दिसलं नाही? दिसणार कसं? किड्यांना वाटलं, ओहोटी आहे. भरती येईल म्हणून ते अंगातलं पुरवून पुरवून वापरत राहिले. शेवटपर्यंत तक्रार करत नाही, ही या जातीची खोडच आहे. ती सगळी वाळू मीच फावड्यानं भरली. त्याच आठवड्यात माझी पोटाची सोनोग्राफी होती.

आपल्या घरात एक समजूत होती, आठवते ना? किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा हा आजार पुरुषांच्या वाट्याला येतो. बाबा गेले, काका गेले, मग तुझी पाळी. आत्या मात्र म्हातारी होऊन, सगळ्यांशी भांडून, खणखणीत गेली. आई म्हणायची, "आपल्या घरच्या बायका चिवट, त्यांना काही होत नाही." ती हे अशा अभिमानानं म्हणायची, जणू काही तो दागिनाच होता. मीही तो वर्षानुवर्षं अंगावर घालून मिरवला. तुझं निदान झालं तेव्हा तुझ्या डॉक्टरांनी भावंडांनी तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि आपण दोघांनी एकमेकांकडे बघून नाही म्हणून मान हलवली होती. मी कशाला? मी तर देणारी. मला कधी पाठ दुखली तर मी टाकीवर वाकण्याला दोष दिला. रक्तदाब वाढला तेव्हा म्हटलं, ज्या बाईला असा भाऊ आहे तिचा वाढणारच.

सोनोग्राफीवाल्या बाई सुरुवातीला छान गप्पा मारत होत्या. किडे चावतात का, वास येतो का, घरी गेल्यावर आधी अंघोळ करता का. पोटावर तो थंडगार गोळा फिरवता फिरवता त्या थांबल्या. मग त्यांनी तोच भाग पुन्हा बघितला. मग दुसरी बाजू. मी मान उचलून पडद्याकडे बघितलं, आणि बारकू, मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. तुझ्या सोनोग्राफीचा फोटो मी इतक्यांदा हातात धरलाय. तेच काळे काळे बुडबुडे, एकाला एक चिकटलेले, दोन्हीकडे. बाई हळूच म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला आहे का?" माझ्या तोंडून निघालं, "हो, मी त्यालाच द्यायला आले होते." त्या बिचाऱ्यांनी मला पोट पुसायला कागद दिला. मीच मग त्यांना म्हटलं, होतं असं.

तर हे असं आहे. माझी किडनी तुला मिळणार नाही. माझ्या अजून काम करताहेत, बरीच वर्षं करतील असं डॉक्टर म्हणतात. दाब सांभाळायचा, मीठ कमी, दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं. मला स्वतःचं फारसं काही वाटत नाहीये, खरंच. मला राग आलाय. वर्षभर तुझ्याशी भांडून, तुला रडवून, तुझ्या तोंडून जो होकार काढला तो मला असा मातीत घालावा लागतोय, याचा राग. आणि भीती वाटतेय, त्या तुझ्या शेपटाची. फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं" म्हणाला असतास आणि ठेवून दिला असतास, आणि मग मला तुझ्या त्या "बरं"चा अर्थ लावत बसावं लागलं असतं. कागदाला तू बरं म्हणून गप्प करू शकत नाहीस. माझी किडनी मिळणार म्हणून वाट पाहणाऱ्यांच्या यादीतलं तुझं नाव थांबवून ठेवलं होतं, ते उद्याच्या उद्या जाऊन परत चालू कर. भरती येईलच असं मी म्हणणार नाही, तशा थापा मी तुला कधी मारल्या नाहीत.

पण पत्र एवढ्यासाठीही नाही. तुझ्या भाचीला मी सगळं सांगितलं. ती आता लहान नाही, आणि तिलाही हा आजार असण्याची निम्मी निम्मी शक्यता आहे असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या हातावर मशीनसाठी शीर धमनीला जोडली आणि आत घूंघूं वाजायला लागलं, तेव्हा ही त्यावर कान ठेवून बसायची, आत भुंगा आहे म्हणायची, आणि तू त्या भुंग्याच्या आवाजात तिच्याशी बोलायचास. मला वाटलं ती रडेल. ती एवढंच म्हणाली, "मामा येणार असेल तर मी तपासणीला येते. तू नको, तू तोंड पाडून बसशील." मी कितीही समजावलं तरी ऐकत नाही, तुझ्याच वळणावर गेलीय. म्हणून मी तपासणीसाठी तुझ्या दोन मशीनांच्या मधला दिवस मागून घेतला आहे. आदल्या दिवशी मशीनवर जाऊन आलास की तुला बरं वाटत असतं, चाललास तरी दम लागत नाही. तेव्हा तू त्या आदल्या दिवशी जा, हिला घेऊन तपासणीला जा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर जा, कारण निकाल त्यानंतरच्या आठवड्यात येणार आहे आणि तेव्हाही तिला तूच लागणार आहेस.

तुझीच,
चिवट म्हणवून घेणारी
ताई