पाळण्यातलं नाव

॥ श्री ॥

३ जून, मंगळवार. तांबरम.

सामान आज सकाळी पोचलं. मिरजेहून अर्ध्या ट्रकचे साडेअठरा हजार, हमालांचे बाराशे. त्यांना ताक दिलं ते खर्चात धरत नाही. आलं ते असं: देव्हारा, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, गाद्या, भांड्यांची पोती आणि पाटा-वरवंटा. दगड कशाला वाहून न्यायचा, तिकडे काय दगड नाहीत का, असं हे मिरजेत येता-जाता बोलत होते. आता त्याच पाट्यावरची चटणी दोनदा मागून घेतली. लोणच्याची एक बरणी फुटली आणि मेथकूट गादीवर सांडलं. त्यामुळे नव्या घराला आपल्या घराचा वास लागलाय. नुकसान एकशे साठ, पण मनाला लागलं नाही.

घर वरच्या मजल्यावर आहे. खाली मालकीणबाई राजसबाई एकट्या राहतात. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या, पण घरात अजून मराठी. बोलणं जुन्या पोथीसारखं, मध्येच तमिळ. आम्ही सकाळी चहा घेतो म्हटल्यावर माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि 'पावम' म्हणाल्या. म्हणजे बिचारी. लगेच पेलाभर कॉफी वर पाठवली.

ह्यांना ओरगडमच्या कारखान्याची बस कोपऱ्यावरून मिळते. नंदिताला मिरजेतच होस्टेलवर ठेवावं लागलं, नर्सिंगचं तिसरं वर्ष. सध्या तिची रात्रपाळी, दुपारभर झोपते. त्यामुळे फोन पाचनंतरच करायचा, असं ठरलंय. देवाच्या कृपेनं सगळं नीट लागलं. संध्याकाळी देवाला साखर ठेवली.

७ जून, शनिवार.

वटपौर्णिमा तोंडावर आली आणि समईचा खांब प्रवासात वाकलाय. राजसबाई म्हणाल्या, भांडं घ्यायचं तर शहरात, जॉर्ज टाउनच्या बाजारात, इथले दुकानदार मान कापतात. लोकलनं गेले. 'पूर्णकुंभ पात्रालय' म्हणून मोठं दुकान आहे, तीन मजले, इतर गावांतही शाखा. मी मोडक्या हिंदीत भाव करत होते तर गल्ल्यामागचे म्हातारे गृहस्थ मराठीत म्हणाले, या अक्का, बसा, कोण गांवच्या? जीव इतका हरखला की भाव करायचा राहूनच गेला. गुंडोराव त्यांचं नाव, तेही तंजावरकडचेच.

त्यांनी एक योजना सांगितली. दुकानाचं सभासद व्हायचं, समईवर दहा टक्के सूट. शिवाय दर महिन्याला जन्मनक्षत्राच्या दिवशी दुकानातर्फे देवळात आपल्या नावानं अर्चना, कुंकू घरपोच. इकडे अर्चनेला नाव, गोत्र, नक्षत्र सांगावंच लागतं. आणि मनातली इच्छाही नोंदवायची.

ह्यांचं सांगितलं, माझं सांगितलं. नंदिताचं सांगताना अडले. अर्चना चालू नावानं करून काय उपयोग? देवाला आपण ठाऊक असतो ते पाळण्यात कानात सांगितलेल्या नावानं. पण नंदिताचं ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. ती लहान असताना झोपेत त्या नावानं हाक ऐकली की डोळे मिटलेलीच उठायची आणि हाकेच्या दिशेनं चालू लागायची. एकदा सासूबाईंनी परसातून सहज हाक मारली, आणि पोर विहिरीच्या कठड्यावर चढलेली सापडली. तेव्हापासून ते नाव बंद. इथेही लिहीत नाही.

गुंडोरावांना मराठी बोलता येतं, लिहिता येत नाही. त्यांनी पाटीएवढं यंत्र पुढे केलं. यंत्रात बोला अक्का, ते लिहून घेतं, म्हणाले. असं नाव परक्यानं ऐकू नये हे त्यांनाही माहीत. पाठ फिरवली, कानांवर हात ठेवले. मी संकल्प सोडावा तसं स्पष्ट बोलले: तिचं ते नाव, माझंही पाळण्यातलं नाव, गोत्र, नक्षत्रं, फोन नंबर. इच्छा म्हणून सांगितलं, हाक ऐकून चालत सुटायची तिची खोड कायमची जाऊ दे.

समई बाराशे साठ. सुटीचे एकशे चाळीस वाचले.

१४ जून, शनिवार. संकष्टी.

पहिल्या अर्चनेचं कुंकू आलं. चंद्रोदयानंतर जेवलो. राजसबाईंना एकविसातले दोन मोदक दिले, त्यांनी आमच्याकडे कोळकट्टै अशीच असते म्हणत आणखी मागून चार खाल्ले. फोनवर नंदिता म्हणाली, आई, तुझ्या आवाजात तमिळ हेल यायला लागलाय. हसलो दोघी.

नाव सांगितल्याचं तिला बोलले नाही. उगाच चिडेल.

१९ जून, गुरुवार.

दुकानाचा इंग्रजी संदेश आला. सावकाश वाचला. काही सभासदांची काही माहिती काही अनोळखी लोकांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे. तुमचा विश्वास आमच्यासाठी अमूल्य आहे. पासवर्ड बदला.

मी कुठला पासवर्ड दिलाय?

दुपारी गुंडोरावांचा फोन आला. कागदावरचं वाचून दाखवत होते, आवाज परका. बँकेचा नंबर गेलेला नाही, कार्डाचा नंबर गेलेला नाही, महत्त्वाची माहिती सुरक्षित आहे. मी विचारलं, आणि नावं? कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, नांव महत्त्वाच्या माहितींत मोडत नाही अक्का, वरून असंच लिहून आलंय. मी म्हटलं, आवाज? त्यावर त्यांनी पहिल्यापासून परत वाचायला घेतलं. मी मध्येच म्हटलं, गुंडोराव, कागद खाली ठेवा. तेव्हा हळूच म्हणाले, बाजूला साहेब उभे आहेत.

ह्यांना सांगायला हवं. पण पहिला प्रश्न हाच येणार, की ते नाव तू दिलंसच का? एकशे चाळीस रुपयांसाठी?

२१ जून, शनिवार.

दुकानानं झाल्या प्रकाराबद्दल पाचशेचं कूपन दिलंय. जाणार नव्हते, पण मुदत आजचीच होती.

कूपन घ्यायचं तर त्याच यंत्रात बोलायचं: मला झालं ते कळलं आहे, माझी काही तक्रार नाही. गुंडोराव आज कानांवर हात ठेवून नव्हते. मान खाली घालून बसले होते. अक्का, घेऊं नका, असं काहीसं पुटपुटले असं मला वाटलं. मी न ऐकल्यासारखं केलं. बोलले. माझी काही तक्रार नाही. यंत्रानं ते माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं आणि बरोबर आहे का विचारलं. बरोबर आहे म्हटलं.

इडलीपात्र आणलं. ह्यांना सांगितलं, सेलमध्ये मिळालं.

२४ जून, मंगळवार.

बाजारातून आले तर राजसबाई जिन्यात उभ्या. म्हणाल्या, दुपारभर मुलीशी किती ते बोलणं, आमच्या काळीं ट्रंक कॉलला असं बोललों असतों तर घर विकावं लागतं! मी म्हटलं, मावशी, मी तर आत्ता येतेय. कुलूप दाखवलं. त्या कुलपाकडे बघत राहिल्या. बोलणं वरूनच येत होतं, आवाज माझाच होता, म्हणाल्या. काय बोलत होते विचारलं. एकच शब्द परत परत, म्हणाल्या. हाक मारल्यासारखा.

शब्द कुठला ते त्या सांगू लागल्या. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. वडीलधाऱ्या बाईच्या तोंडावर.

देवापुढे समई लावली आणि विझवली. ती त्याच दुकानातली. मिरजेची वाकडी समई पोत्यातून काढून लावली.

२६ जून, गुरुवार.

नंदिताचा फोन. आई, दुपारी फोन करत जाऊ नकोस ना, झोपमोड होते. काय बोलतेस तेही उठल्यावर आठवत नाही.

काल जाग आली तेव्हा ती खोलीत नव्हती, म्हणाली. जिन्यात होती, अनवाणी. तिच्या खोलीत राहणारी देविका तिला हाताला धरून परत घेऊन आली.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. वर गच्ची.

मी कबूल करायला हवं होतं. तोंड उघडलं आणि एवढंच म्हटलं की झोपताना फोन बंद ठेव. बंदच असतो, म्हणाली. तरी वाजतो.

२७ जून, शुक्रवार.

दुकानात गेले. इडलीपात्र पिशवीत घालून नेलं, परत करायला. गल्ल्यावर दुसराच मुलगा होता. गुंडोराव रजेवर आहेत. मी त्याला म्हटलं, माझं बोलणं पुसून टाका. त्यानं यंत्र चाळलं. तक्रार मिटल्याची नोंद आहे, तुम्हीच दिली आहे, म्हणाला. ऐकायचीय का?

ऐकली. माझी काही तक्रार नाही. मी हे दमून, भराभर बोलले होते. यंत्रातली मी शांतपणे बोलत होते. शेवटी थोडं हसत होते.

मी हसले नव्हते.

२८ जून, शनिवार.

ह्यांना सगळं सांगितलं. रागावले नाहीत. तेच सोसवलं नाही. फक्त म्हणाले, आईनं मरताना तेवढं एकच सांगितलं होतं ना तुला, ते नाव कुणाला देऊ नकोस म्हणून.

लगेच नंदिताला फोन लावला. तिनं उचलला, माझं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्ही कोण?

सकाळीच आईचा फोन येऊन गेला म्हणे. आईनं सांगितलं, दुकानातून माहिती चोरीला गेलीय, माझ्या आवाजात आता दुसरे फोन येतील, बाबांच्याही आवाजात येतील, रडतील, देवाच्या शपथा घालतील, विश्वास ठेवू नकोस. खूण म्हणून तिनं पाळण्यातलं नाव सांगितलं. ते आईशिवाय कुणाला ठाऊक असणार?

मी रडले. देवाची शपथ घातली.

तिनं फोन ठेवला.

२९ जून, रविवार.

आमचे दोघांचे नंबर तिच्याकडून बंद.

होस्टेलच्या बाईंना फोन लावला. त्या वैतागल्या. म्हणाल्या, चित्राताई, सकाळपासून किती वेळा तेच विचाराल? तुमच्याच सांगण्यावरून तिला गच्चीलगतची रिकामी खोली दिली ना. एकटीला. शांत झोप लागावी म्हणून.

मी असं काही— 

हे आजच्याच गाडीनं निघाले. तिकीट नाही, उभ्यानं जाणार. पोचायला उद्याची रात्र होईल. तिची झोप उद्या दुपारची. मीही येते म्हटलं तर म्हणाले, तू नको. तुझा आवाज नको तिथे.

खरंच आहे.

३० जून, सोमवार. सकाळ.

ह्यांचा फोन लागत नाही. लागला एकदा. उचलला. मी अहो म्हणायच्या आत पलीकडून बाईचा आवाज: ते झोपलेत, काही काम होतं का?

माझा आवाज.

नंतर लावलाच नाही. घरातले फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरले. बोलायचं नाही असं ठरवलंय. बोलले की त्यात भर पडते. आरतीही मनातल्या मनात.

दुपार.

नंदू, ही पानं तुझ्यासाठी. वहीतून फाडून टपालानं पाठवते. पोस्ट चारला बंद होतं. उशिरा मिळतील, माहीत आहे. पण दुसरं काय आहे माझ्याकडे. अक्षर बघ. दुधाचा हिशेब ह्याच अक्षरात लिहिते, तू ण ला हसायचीस. त्या यंत्रानं माझं अक्षर पाहिलेलं नाही.

मी दिलं तुझं नाव. कुणी चोरलं नाही आधी, मीच दिलं. समईसाठी. मग इडलीपात्रासाठी गप्प बसले.

हाक आली तर झोपेतसुद्धा— पाय ओढणीनं खाटेला बांधून झोप. देविकाला बोलाव. आई म्हणून कुणीही बोलावलं तरी जाऊ नको. मीसुद्धा. मीही बोलावलं तरी—

खाली राजसबाई कुणाशी तरी बोलताहेत. हसताहेत. या, कॉफी घेऊन वर जा म्हणताहेत. चित्रा म्हणताहेत तिला.

कॉफी नको म्हणते ती. तमिळ हेल नाही तिला. मिरजेची मी.

जिना चढतेय. कडी लावली आहे. माझं नाव घेतेय— चित्रा नाही, ते दुसरं, माझ्या आईनं कानात सांगितलेलं. मी तेही दिलं होतं. किती गोड हाक मारते. पाय आपोआप— मी उठत नाही. लिहितेय. लिहितेय तोवर उठत नाही.

तीन वाजले. तू झोपली असशील.

नंदू, उलट टपाली कळव. फोन नको, कागदावर, तुझ्या हातानं. एवढंच कळव की आज दुपारी हाक आली तेव्हा तू उठली नाही—