आठवड्यातला एक तास

४ ऑगस्ट, सोमवार

सरकारची बाई घरी येऊन गेली! मी नसताना. दिपालीनं जेवताना सहज सांगितलं — "रोजगाराचा सर्व्हे हाय म्हनं. घरात कोन काय काम करतंय ते टॅबवर लिवून घेतलं."

घास तोंडातच राहिला.

"माझं काय सांगितलंस?"

"काय सांगनार? फाउंड्रीत हाय म्हटलं की."

फाउंड्रीतली नोकरी सुटून आज सव्वीस दिवस झाले. ऑर्डरी तुटल्या आणि ओतीव लोखंडी माल तपासणारे आम्ही आठजण एका दुपारी घरी! दिपालीला अजून सांगितलेलं नाही. रोज आठच्या बसनं आमच्या गावातून, कडोलीतून निघायचं, शहरात टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडाखाली बसायचं, डबा खायचा, साडेपाचला परत. तिच्या माहेरी, निपाणीला, कंपनीत काम करणारा जावई म्हणून मला पाटावर बसवतात. त्या पाटावर आता कुठल्या तोंडानं बसू?

५ ऑगस्ट

झोप नाही. ती बाई कंपनीत फोन करणार. विक्रम नावाचं कुणी आहे का? नाही. मग पुन्हा आमच्या दारात. खोटी माहिती दिली म्हणून नोटीस आली तर? दिपालीच्या नावानं!

१३ ऑगस्ट

गेटावर खाकी कपड्यातला माणूस दिसला आणि मी झाडाआड सरकलो. डेपोचा वॉचमन होता.

२ सप्टेंबर

बाजारात भरमूअण्णा भेटला. जुन्या ओळखीचा भाजीवाला. "मोकळाच हाईस न्हवं? तासभर काटा धर." धरला. त्यानं बिनीसच्या शेंगांची पिशवी हातात दिली. घरी सांगितलं, कॅन्टीनवाल्यानं दिली. दिपालीनं पिशवी उघडून बघितली, मग माझ्याकडं. खोटं बोलण्यातही मी कच्चाच!

३ सप्टेंबर

आज मुद्दाम लवकर परतलो, डोकं दुखतंय हे कारण तयार ठेवून. आणि गावच्या बसस्टॉपवर सर्व्हेची बाई, तीच असणार! काखेत टॅब, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव: राजश्री. कुठल्या म्हणून विचारलं तर निपाणीच्या! म्हणजे सासरवाडीपर्यंत बातमी जाणार. पण विचारल्याशिवाय राहवेना. माझं नाव मात्र सांगितलं नाही.

"कंपनीला फोन लावून विचारता काय वो?"

"छे! घरातलं मानूस सांगंल तेच लिवायचं. आनि नावं भाईर जात न्हाईत."

"मग एम्प्लॉयमेंट ऑफिसात नाव घातलेल्यांची बेरीज करून बेरोजगारीचा टक्का टीव्हीवर सांगतात ना?"

हसली. "सगळ्यास्नी तसंच वाटतंय! त्या नोंदीचा हितं काय संबंध न्हाय. ठरावीक घरं निवडायची, चार म्हैने लागोपाठ जायाचं. मागच्या सात दिवसांत एक तास जरी काम केलं तरी तो कामावर. एक तास बी न्हाय, पर शोधतोय न्हायतर करायला तयार हाय — तो बेरोजगार. दोन्ही न्हाय, तर तो हिशेबातच न्हाय."

बस आली, गेली. मी तिथंच बसलो.

थोडी घरं बघून सगळ्यांचं सांगतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जन्म त्यातच गेला. लॉटमधले पाच पीस तपासायचे आणि अख्खा लॉट पास. पण काल मी तासभर काटा धरला, बिनीस मिळाले, म्हणजे या आठवड्यात मी कामावर! आणि लोक टक्का ऐकून म्हणतात, शंभरातले पाचेकच रिकामे. शंभर माणसांतले नव्हेत ते! काम करणारे आणि मागणारे, एवढ्यांच्यातलेच. आम्हीही रिजेक्शनची टक्केवारी तपासलेल्या मालावरच काढायचो. टेबलावर न आलेला पीस धरायचा नाही.

टेबलावर न आलेला पीस. तो मी आहे का? दोन महिन्यांत एका गेटावर विचारलेलं नाही. कुणी बोलावलं असतं तर गेलो असतो का? माहीत नाही. कंपनीच्या फोनची भीती गेली आणि ही आली. ही जास्त वाईट आहे.

२२ सप्टेंबर

तीन गेटांवर विचारलं. "नंबर ठेवून जावा." ठेवला. बोलावतील असं वाटत नाही. तरी विचारलं!

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दरवर्षी आज कंपनीत मशिनांची पूजा, घरी पेढ्यांचा बॉक्स. या वर्षी बॉक्स विकत घेतला आणि कंपनीचा म्हणून पुढं केला. दिपालीनं घेतला, देवापुढं ठेवायला गेली.

देवापुढं कोयता, खुरपं, विळी. आणि माझा व्हर्नियर! पुसलेला, हळदकुंकू लावलेला. मापाचं हत्यार, स्वतःचं, कामावर रोज बरोबर असायचं. शेवटच्या दिवशी फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाला लपवलं होतं.

"बघाय काय लागलाय? फूल वाहा की."

वाहिलं. व्हर्नियर घरी कसा, हे तिनं विचारलं नाही. का विचारलं नाही? उद्या विचारेल. तिच्या भावाला फोन करेल. विचारून टाकलं असतं तर बरं झालं असतं!

५ ऑक्टोबर, रविवार

राजश्रीबाई आल्या. मी घरात. पळायला जागा नाही. त्यांनी मला ओळखलं. टॅब उघडला.

"विक्रम. मागच्या दोन्ही टायमाला 'काम न्हाय, शोधतोय' असं लिवलंय. आता बी तसंच?"

दोन्ही वेळा! म्हणजे चार ऑगस्टलाही दिपालीला ठाऊक होतं. त्यानंतर रोज सकाळी तिनं डबा भरून हातात दिलाय.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"व्हय," मी म्हणालो. "शोधतोय."

आवाज पुन्हा सुरू झाला.