निगेटिव्ह म्हणून ठेवलेलं रक्त

बोईसर, ११ तारीख

प्रिय धीरज,

आधी जे घडलं ते लिहिते.

१. तारापूरच्या एका कुत्र्याच्या जखमा बऱ्या होत नव्हत्या. त्याचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत लिशमानियाच्या पीसीआरसाठी आलं. या परजीवीचा डीएनए रक्तात आहे का, ते त्यात कळतं.
२. तुलनेसाठी निरोगी कुत्र्याचं रक्त सोबत तपासतात. मी शिरगावच्या आमच्या घरच्या खंड्याचं ठेवलं.
३. तारापूरचा कुत्रा निगेटिव्ह आला. खंड्या पॉझिटिव्ह.
४. नुसतं पाणी घातलेली नळी स्वच्छ होती, म्हणजे भेसळ नव्हती. नवं रक्त काढून पुन्हा केलं. तेच.
५. याच खंड्याचं रक्त तुझ्या चिंगीला चढवलेलं आहे.

 खंड्या धावतो, खातो, त्याची कातडी चकचकीत आहे. म्हणून तर गोचीडतापाच्या कुत्र्यांना रक्त द्यायला पालघरचे डॉक्टर त्यालाच बोलवायचे. तेव्हा ही तपासणी इथे कुणी करत नव्हतं. चिंगीच्या वेळी तू त्याचा कान धरून बसला होतास. परतताना तुमच्या शेजारच्या जमनाकाकू रिक्षात म्हणाल्या, "चिंगीच्या अंगात शिरगावचा रगत हाय. आता सोयरीक जालीच." तू चिंगीची चादर नीट करू लागलास. पुढे आपल्या लग्नाचा विषय मीच मिटवला. कारणं तुला माहीत आहेत.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तुजा यंत्र चुकला आसंल. माजा खंड्या नाय." संध्याकाळी पाहिलं तर स्वतःची मच्छरदाणी त्यांनी खंड्याच्या गोणपाटावर बांधली होती. हा रोग एरवी वाळूमाशीच्या चाव्याने पसरतो आणि ती त्या जाळीतून सहज जाते, हे मी बोलले नाही. माशी दूर ठेवणारा पट्टा मागवलाय. औषध सुरू झालंय. परजीवी पूर्ण जाईलच असं नाही, पण आटोक्यात राहू शकतो. खंड्याने रक्त दिलेले बाकीचे कुत्रे डॉक्टर शोधत आहेत. तुला मी कळवते, असं मी त्यांना सांगितलं.

फोनवर माझा आवाज नीट राहिला नसता, म्हणून लिहिते. प्रयोगशाळेतल्या वर्षाराणीने तुझ्या साखरपुड्याचा फोटो दाखवला. रिद्धी छान दिसते, हे मनापासून. पण तुमच्या पायाशी चिंगी बसली आहे. तिच्या डोळ्यांभोवतीचे केस गेलेत आणि नखं वाकडी होईपर्यंत वाढलीत. तुम्हाला ते म्हातारपण वाटत असेल. मला ती याच रोगाची लक्षणं वाटतात. फोटो मोठा करून दोनदा बघितला. तिला हात लावायला घाबरू नका, शिवल्याने हे होत नाही. तिला पालघरला आण, रक्त मी स्वतः तपासते. मी समोर नको असेन तर डॉक्टरांकडे नमुना दे. कधी आणतोस ते १८ तारखेपर्यंत कळव.

मेघाली