कोटाकडची खिडकी

२९ ऑक्टोबर १८८१, चेस्टर

पोचले एकदाची. आगगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण टोपलीतली अंडी शाबूत. मला अक्षराची ओळख नाही. मी बोलते आणि सूनबाई हेस्टर शाईत टाक बुडवून वहीत उतरवते. पोट टेबलाला लागतं, तरी बसते बिचारी. दिवस भरत आलेत. माझा लेक रूबेन जहाजावर, तेव्हा बाळाला जगात आणायला ही म्हातारीच. गावातली निम्मी पोरं माझ्याच हातांवर जन्मली. शहरातलं पोर काही शिंगं घेऊन येत नाही.

घर शहराच्या जुन्या कोटाला, तटाच्या भिंतीला, पाठ टेकून उभं आहे. स्वयंपाकघराची मागची भिंत म्हणजे कोटच, आणि तिच्यात हातभर खिडकी. बाहेर सरळ कडा, खाली कालवा. चोराची भीती नाही, म्हणते हेस्टर. माझ्याकडे चोरण्यासारखं काय? दात होते, तेही गेले.

२ नोव्हेंबर

आज मेलेल्यांचा दिवस. सकाळीच त्यांच्या नावानं वाटायचे केक भाजले, बेदाणे सढळ हातानं. पोरं गात आली आणि घेऊन गेली. शेजारच्या पिलिंगबाई एक चाखत म्हणाल्या, आजीबाई, काय वाटायचं ते रस्त्याकडच्या दारातून वाटा, कोटाकडच्या खिडकीत मात्र ठेवू नका हो. महामारीत ज्यांना वेशीबाहेर काढून दार लावलं, ती माणसं त्या अंगाला आहेत. मी म्हटलं, बाई गं, आमच्या गावची भुतं तुमच्यापेक्षा शहाणी, खाऊन गुपचूप जातात. रागावल्या, पण केक दुसराही घेतला.

संध्याकाळी माझ्या जेबेझच्या नावानं एक केक त्याच खिडकीत ठेवला. मालक जाऊन सात वर्षं झाली, पण रीत चुकवली नाही. रीतीचेच शब्द म्हटले: ज्याचं कुणी नाही त्यानंही खावं, घर आपलं समजावं.

३ नोव्हेंबर

केक गेला. जेबेझ जन्मभर बेदाणे वेचून ताटाच्या कडेला मांडायचा. आज एकही मागे नाही. मेल्यावर सुधारला म्हणायचं! हेस्टर हसली. मग म्हणाली, आई, त्या खिडकीत पाखरूसुद्धा बसत नाही. मी म्हटलं, लिही गप्प.

५ नोव्हेंबर

शहरात दरसालच्या सणाच्या शेकोट्या पेटल्यात, दारूकाम चाललंय. त्या गोंगाटातही खिडकीवर टकटक ऐकू आली. धीम्या हातानं, पाहुण्यासारखी. काचेवर ओले तळवे उमटलेत. मोठे, आणि खाली काही लहान.

पिलिंगबाईंना विचारलं. त्यांनी टोमणा मारला नाही, तेव्हाच मी घाबरले. म्हणाल्या, जेवू घातलंत, घर आपलं समजा म्हणालात, आता ते परके नाहीत. पण आतून कडी निघाल्याशिवाय यायचे नाहीत. काढू नका म्हणजे झालं.

६ नोव्हेंबर

कळा सुरू झाल्या. दोन कळांमध्ये हेस्टर लिहिते. म्हणते, तेवढाच जीव रमतो.

आमच्या सुईणींचा नियम — बाळंतिणीच्या घरात काही बंद ठेवायचं नाही. कुलपं काढली, पेट्या उघडल्या, बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या. पोर पुढे सरकत नाही. एकच कडी राहिली आहे.

हेस्टर म्हणते, ती नको, आई. माझी शपथ.

टकटक थांबली आहे. ते वाट बघताहेत —

७ नोव्हेंबर

काढली.

काढावीच लागली — पोर अडलेलं, हेस्टर निळी पडलेली — पिलिंगबाईंना हाका मारल्या, धुक्यातून कुणी आलं नाही — कडी काढली आणि मुलगी आली. रडली. दोघी जिवंत आहेत. दोघी माझ्या जिवंत आहेत.

लिहायला कुणी नाही, तरी बोलते आहे. तेवढाच जीव रमतो.

थाळीतले उरलेले केक गेले. फरशी ओली — खिडकीपासून पलंगापर्यंत —

पाळणा हलतोय. बाळ माझ्या मांडीवर, आणि पाळणा —

टेबलाकडे माझी पाठ आहे. तिकडे टाक कुरकुरतोय. मी थांबले की थांबतो. बोलले की पुन्हा —

हेस्टर, पोरी, तुझे दोन्ही हात तर माझ्या हातां—